चार हजार एकशे त्र्याहत्तर

सावर्ड्याच्या वजनकाट्यावर आता ट्रक येत नाहीत.
काट्यामागच्या खोलीत सर्व्हर मात्र चालू आहे,
कितीही पुसा, आठवड्यात पुन्हा लाल.
कधी कोर्टाला जुनी पावती लागते,
कधी खात्याला एखाद्या बार्जचं टनेज,
तेव्हा मला बोलावतात फोंड्याहून,
कदंबाचं भाडं धरून.

"बाई, कालपासून गुदमरलंय ते,"
कायतान फुर्ताद कुलूप काढत म्हणाला,
जशी आत म्हैस अडलीय.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.
यादी मागवली, सावकाश आली.
सतरा मेलेल्या प्रोसेस,
काम संपवलेल्या, मेमरी परत केलेल्या,
नाव तेवढं उरलेलं, नावाशेजारी झेड.
त्यांना मारता येत नाही,
मेलेल्याला काय मारणार?
ज्यानं जन्म दिला त्यानं एकदा विचारायचं असतं:
कसा गेलास? शून्यावर, की काही चुकलं?
उत्तर ऐकलं की ओळ खोडली जाते.
एवढाच विधी. तो राहिला होता.

कारण बाप, चार हजार एकशे त्र्याहत्तर,
स्वतःच झोपलेला,
आणि ही हाक मारून मोडणारी झोप नव्हे.

आधी पंधरा नंबरचा निरोप दिला:
आवर, दप्तर मीट, नीघ.
मग नऊ.
नऊला कुणी नाही म्हणू शकत नाही
असं मी वीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आले.
नऊ गेला, दाराशी उभा राहिला.
आतून कडी निघाली नाही.
पुन्हा नऊ. पुन्हा.
माझंच मला हसू आलं.

कशासाठी अडलाय, ते शोधायला जेवणाची वेळ झाली.
टेपवर एक ओळ लिहायला दिली होती त्यानं,
आणि टेपनं "लिहिली" म्हणायचं होतं.
मान वळवून रॅककडे पाहिलं:
खालच्या खणात चौकोनी पोकळी,
सगळ्या खोलीत धूळ नसलेली तेवढीच जागा.

"भंगारवाला आयलेलो परवा," कायतान म्हणाला.
"दिवा पेटत नव्हता त्याचा. मेलंय म्हटलं, दिलं.
दीडशे रुपये. रजिस्टरात मांडलेत."
खरंच मांडले होते, निळ्या शाईत,
खाली सही, सहीखाली रेघ.

मडगावला फोन लावला,
शांबा प्रभुदेसायांना, ज्यांनी हे सगळं लिहिलं
बार्जी रात्रंदिवस भरत होत्या त्या वर्षांत.
सांगितलं, उपाय एकच, मशीन बंद करून चालू करणं.
पलीकडे खोकला. मग:
"बंद करूं नाका गो. उठचो ना मागीर."
मागच्या खेपेला डिस्क फिरेना,
तळहातानं तीन थापा मारल्या तेव्हा फिरली, म्हणाले.
"आता कोण मारणार थापा? माझा हात कापतो."

मग त्याला तसाच ठेवून
बाजूला दुसरा जन्माला घातला,
त्याच्या प्रोग्रॅममधली टेपची ओळ झाकून.
प्रिंटर कुरकुरला, पावती आली:
बार्ज सांत आंतोन, सहाशे चाळीस टन.
तारखेतला आठ अर्धाच उमटला होता, पेनानं पुरा केला.

लोड मात्र एकवरून खाली येईना.
पंखाही नीट फिरत नव्हता, कुणी काही करत नव्हतं,
तरी एक.
थांबणंही कामात धरतात इथे.

रजिस्टरात लिहिलं: ४१७३, हात लावू नये.
कायताननं ते बोटानं वाचलं,
शर्टाच्या खिशातून दीडशे काढून टेबलावर ठेवले,
सुट्या नोटा, एक चिकटपट्टी लावलेली.
"कुडचड्याला त्याचं दुकान. फोडलं नसेल अजून.
आणून लावलं तर उठतलो?"

मला माहीत नव्हतं.
बसला चाळीस मिनिटं होती.
"सायकल आहे ना?" मी विचारलं,
आणि यादी पुन्हा मागवली.